सोलापूरचा मध युरोपला पाठवताना: पेटीपासून प्रमाणपत्रापर्यंतचा क्रम

मध काढून झालेला असतो, ड्रम भरलेले असतात, जर्मनीतला गिऱ्हाईक फोनवर भाव विचारत असतो, आणि मग चौकशी सुरू होते की लायसन्स कुठून काढायचं. बहुतेक खेपा इथेच फसतात. या वेळेपर्यंत जे करायला हवं होतं त्यातलं निम्मं आता करताच येत नाही. सहा महिन्यांपूर्वी पेट्या कोणत्या बागेत होत्या आणि तिथे कोणती फवारणी झाली, हे ड्रम भरल्यावर लिहून काढता येत नाही. प्रयोगशाळेत मात्र ते दिसतं.

गोंधळाचं मूळ एका समजुतीत आहे. आपण मध शेतमाल समजतो. युरोपीय संघाच्या ८५३/२००४ या नियमात 'प्राणिजन्य पदार्थ' याची व्याख्याच 'मध आणि रक्त यांसह' अशी केलेली आहे. म्हणजे मधाला डाळिंबाची वाट नाही; मांस, अंडी आणि मासळी जातात ती वाट आहे. ज्या देशाला परवानगी आहे त्याच देशातून, यादीत नाव असलेल्या युनिटमधून, औषधांच्या अंशांवर सरकारी देखरेख असलेला आणि सरकारी आरोग्य प्रमाणपत्र जोडलेला माल आत घेतला जातो. भारत मधासाठी परवानगी असलेल्या देशांच्या यादीत आहे. बाकीच्या अटी आपण पुऱ्या करायच्या असतात.

खालचा क्रम सोलापूर जिल्ह्यातल्या मधपाळांना आणि छोट्या पॅकिंग युनिटना समोर ठेवून दिला आहे.

टप्पा १: आधी बाजार ठरवा

'निर्यात' नावाचा एकच बाजार नसतो. युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका आणि आखात यांचे नियम वेगवेगळे आहेत, आणि एकाच मधाचा एका ठिकाणी पास तर दुसऱ्या ठिकाणी नापास असा निकाल लागू शकतो. अमेरिकेला जाणाऱ्या मधाला भारताने १ ऑगस्ट २०२० पासून एनएमआर चाचणी (भेसळीचा माग काढणारी चाचणी) सक्तीची केली. तिथे एफडीएकडे (तिथलं अन्न व औषध प्रशासन) युनिटची नोंदणी आणि माल पोचण्याआधीची पूर्वसूचना लागते, शिवाय २०२२ पासून भारतीय कच्च्या मधावर अँटी-डंपिंग शुल्क आहे. युरोपात भर प्रतिजैविकांच्या अंशांवर आणि युनिटच्या मान्यतेवर असतो.

या लेखात युरोपीय संघ धरला आहे, कारण तिथली वाट सर्वांत काटेकोर आहे. मधाची तिथली मूळ मोजमापं अशी: पाणी जास्तीत जास्त २० टक्के, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज मिळून १०० ग्रॅमला किमान ६० ग्रॅम, सुक्रोज ५ ग्रॅमपर्यंत, पाण्यात न विरघळणारा गाळ ०.१ ग्रॅमपर्यंत, डायस्टेज (मधातलं विकर, उष्णतेने घटतं) किमान ८ आणि एचएमएफ (मध तापला किंवा जुना झाला की वाढणारा घटक) किलोला ४० मिलिग्रॅमपर्यंत. उष्ण कटिबंधातला उगम जाहीर केलेल्या मधाला एचएमएफची ८० पर्यंत सवलत आहे. त्या सवलतीवर विसंबू नका. खरेदीदार करारात बहुधा ४० किंवा त्याहून कमीच लिहून घेतो.

*तपासा:* खरेदीदाराकडून त्याचं तपशीलपत्र लेखी मागवा. कोणत्या चाचण्या, कोणत्या पद्धतीने आणि किती मर्यादेपर्यंत, हे कागदावर आल्याशिवाय भाव बोलू नका. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये नैसर्गिक मधावर टनाला २,००० डॉलर अशी किमान निर्यात किंमत लावली होती. असे आकडे अधिसूचनेने बदलतात, म्हणून सौद्याआधी डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) ताजी अधिसूचना वाचा.

टप्पा २: स्वतः निर्यात करायची, की मान्य युनिटला माल द्यायचा

आधी साधा हिशेब मांडा. मधाच्या ड्रममध्ये साधारण २९० किलो निव्वळ मध बसतो. वीस फुटी कंटेनरमध्ये ६४ ड्रम धरले तर १८,५६० किलो होतात. स्थलांतर करणाऱ्या मेलिफेरा (पाळीव युरोपीय मधमाशी) पेटीला वर्षाला २५ किलो मध धरला, तर एक कंटेनर भरायला सुमारे ७४० पेट्यांचं उत्पादन लागतं. शंभर-दीडशे पेट्यांच्या मधपाळाने स्वतःच्या युनिटच्या मान्यतेमागे लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याने आधीच मान्यता असलेल्या युनिटकडे मधपाळ म्हणून नाव नोंदवावं आणि टप्पा ३ ते ७ चोख करावेत. पैसा तिथे वाचतो आणि माल नापास होण्याची कारणंही तिथेच असतात.

गट किंवा उत्पादक कंपनी करून युनिट उभं करणार असाल, तर कामं या क्रमाने घ्या:

१. डीजीएफटीकडून आयात-निर्यात कोड घ्या.
२. फॉसकॉस पोर्टलवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना काढा. निर्यातीसाठी कोणती श्रेणी लागते ते अर्ज भरण्याआधी तिथेच पाहून घ्या, कारण श्रेणी चुकली की अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो.
३. अपेडाकडे (शेतमाल निर्यात विकास प्राधिकरण) सदस्य नोंदणी करा. मध अपेडाच्या यादीतला पदार्थ आहे.
४. मधपाळांची नोंदणी राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर करा.
५. निर्यात तपासणी परिषदेच्या मुंबई कार्यालयाकडे युनिटच्या मान्यतेसाठी अर्ज करा.

पाचवं काम सर्वांत लांबतं, म्हणून ते हंगामाच्या बरंच आधी सुरू करा. अर्जासोबत इमारतीचा आराखडा, प्रक्रियेचा क्रम, हॅसेपची (अन्नातले धोके ओळखून रोखण्याची पद्धत) कागदपत्रं, पाण्याच्या तपासणीचा अहवाल, कीड-उंदीर नियंत्रणाची नोंद आणि मध पुरवणाऱ्या मधपाळांची यादी तयार ठेवा. तपासणी पथक येतं तेव्हा भिंतींच्या रंगापेक्षा माणसांच्या आणि मालाच्या वाटा पाहतं. कच्चे ड्रम आत येतात त्याच दाराने भरलेले ड्रम बाहेर जातात का, हात धुण्याची जागा दाराशीच आहे का, दिव्यांना आवरण आहे का, गाळणीची जाळी फाटली तर ते कोणाच्या लक्षात येईल, असे प्रश्न विचारले जातात.

*इशारा:* भारतातली मान्यता मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. २९ नोव्हेंबर २०२४ पासून युरोपीय संघ मधही यादीतल्या युनिटमधूनच घेतो. आपल्या युनिटचं नाव आणि मान्यता क्रमांक युरोपीय आयोगाच्या यादीत स्वतः डोळ्यांनी पाहा. नाव, गाव आणि क्रमांक यांतलं एकेक अक्षर जुळलं पाहिजे. यादीत नाव येण्याआधी निघालेला कंटेनर बंदरात अडकतो.

टप्पा ३: पेट्या कुठे ठेवणार

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. सोलापूर जिल्ह्यात मधाला चार धोके आहेत आणि चारही आपल्याच पिकांतून येतात.

*डाळिंब आणि तेल्या.* सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस भागात परागीभवनासाठी पेट्यांना मागणी असते आणि भाडंही मिळतं. पण तेल्या या जिवाणूजन्य रोगावर बागायतदार स्ट्रेप्टोसायक्लिन फवारतात. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन प्रतिजैविकं असतात. फुलोऱ्यात अशी फवारणी झाली तर त्यांचे अंश मधात येऊ शकतात. मधपाळाने आपल्या पेटीत औषधाचा एक थेंबही घातलेला नसतो आणि अहवालात स्ट्रेप्टोमायसिन उमटतं. मधातल्या कोणत्याही प्रतिजैविकासाठी युरोपीय संघाने चालेल अशी मर्यादाच ठरवलेली नाही, त्यामुळे 'थोडंसंच आहे' असं म्हणायला जागा उरत नाही.

यावर उपाय हा: मृग, हस्त किंवा आंबे यांपैकी कोणताही बहार धरलेला असो, बागायतदाराची फवारणीची वही पेट्या उतरवण्याआधी पाहा. स्ट्रेप्टोसायक्लिन मारलं असेल किंवा मारायचं ठरलं असेल, तर पेट्या भाड्यासाठी खुशाल ठेवा, पण मधकोठी (पेटीचा वरचा, मध साठवण्याचा मजला) चढवू नका. डाळिंबाच्या फुलातून माशीला मुख्यतः पराग मिळतो, त्यामुळे मधाचं नुकसान फारसं होत नाही. तिथून हललेल्या पेट्यांना नव्या फुलोऱ्यावर रिकाम्या, स्वच्छ चौकटींची मधकोठी द्या. पिलावाकोठीतल्या (खालचा मजला, जिथे माशीची अंडी-अळ्या म्हणजे पिलावा असतो) जुन्या चौकटीतून मध काढून निर्यातीच्या ड्रममध्ये घालू नका.

*ऊस, गुऱ्हाळ आणि रसवंती.* फुलं कमी झाली की माशी गोडाच्या शोधात गुऱ्हाळावर, साखर कारखान्याच्या मळीवर आणि रस्त्याकडेच्या रसवंतीवर जाते. ऊस सी-४ वर्गातली वनस्पती आहे. तिच्या साखरेतल्या कार्बनची ठेवण फुलांच्या मकरंदापेक्षा वेगळी असते, आणि मधातली प्रथिनं व मध यांची तुलना करून प्रयोगशाळा ती ओळखते. सी-४ साखर ७ टक्क्यांच्या वर गेली की मध भेसळीचा ठरतो. ती साखर माणसाने ओतली की माशीने आणली, हे यंत्राला कळत नाही. गाळप हंगामात अशा ठिकाणांपासून किमान ३ किलोमीटर दूर राहा.

*ज्वारीवरचा चिकटा.* रब्बी ज्वारीवर मावा पडला की पानांवर चिकटा येतो आणि माश्या तोही गोळा करतात. ज्वारीही सी-४ वर्गातलीच आहे. मालदांडीच्या शेतात पराग मिळतो म्हणून पेट्या ठेवल्या असतील, तर पानं हाताने चाचपून पाहा. बोटाला चिकट लागलं की पेट्या हलवा.

*सूर्यफूल, करडई, तूर यांवरची कीटकनाशकं.* या पिकांचा मध चांगला मिळतो आणि निर्यातीला मुख्यतः हाच उपयोगी पडतो. पण ज्या कीटकनाशकाला युरोपने मधासाठी वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम हा आकडा लागू होतो. शेतकऱ्याशी बोलून फवारणी संध्याकाळी उशिरा ठेवायला सांगा आणि औषधाचं नाव बाटलीवर पाहून लिहून घ्या. 'कीड मारायचं औषध मारलं' ही नोंद काही कामाची नाही. पेट्यांजवळ स्वच्छ पाण्याची सोय करा, नाहीतर माश्या फवारणीच्या पिंपातलं पाणी पितात.

*तपासा:* प्रत्येक मुक्कामाची एक ओळ वहीत हवी. गाव, तालुका, गट क्रमांक किंवा मोबाइलवरचं ठिकाण, पीक, पेट्यांचे क्रमांक, आल्याची व गेल्याची तारीख, आणि शेतकऱ्याने सांगितलेल्या फवारण्या. परराज्यात नेलेल्या पेट्यांनाही हेच लागू आहे.

टप्पा ४: पेटीतली औषधं आणि खाद्य

प्रतिजैविक पेटीत घालायचं नाही. पिलावा सडतो म्हणून जनावरांच्या औषधांच्या दुकानातून ऑक्सिटेट्रासायक्लिनची पुडी आणून साखरपाण्यात मिसळण्याची सवय अजून आहे. त्या एका पुडीने मालाचा पूर्ण लॉट जातो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं अन्नासाठी पाळलेल्या जीवांना द्यायला युरोपात बंदीच आहे. क्लोरॅम्फेनिकॉलवर किलोला ०.१५ मायक्रोग्रॅमला आणि नायट्रोफ्युरानच्या अंशांवर ०.५ मायक्रोग्रॅमला कारवाई होते. सडका पिलावा दिसला तर त्या चौकटी काढून नष्ट करा, वसाहत वेगळी ठेवा, राणी बदला, आणि त्या पेटीचा मध निर्यातीतून वगळा.

माश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ कोळ्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल, फॉर्मिक आम्ल आणि थायमॉल यांना युरोपात मधातल्या अंशांची मर्यादा लावलेली नाही. अमिट्राझला किलोला ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. यांपैकी काहीही वापरा, पण मधकोठी पेटीवर नसताना. शेतीसाठीचं कोळीनाशक पट्टीवर ओतून पेटीत टांगणं हा सरळ नापास होण्याचा रस्ता आहे.

मेणकिड्यासाठी रिकाम्या चौकटींत डांबर गोळ्या ठेवणंही बंद करा. नॅफ्थॅलिन मेणात मुरतं आणि पुढच्या हंगामात मधात उतरतं. चौकटी हवेशीर जागी उभ्या टांगा, शक्य असेल तर शीतगृहात ठेवा.

पावसाळ्यात साखरेचा पाक द्यावाच लागतो, त्यात चूक काही नाही. चूक होते ती पाक आणि मधकोठी एकाच वेळी ठेवण्यात. फुलोरा सुरू झाला की आधी पाक बंद करायचा, पिलावाकोठीत उरलेला पाक माश्यांना खाऊ द्यायचा आणि मगच मधकोठी चढवायची. पाकात खाण्याचा रंग थोडासा मिसळला तर पाक मधकोठीत चढतो आहे का ते उघड दिसतं. रंगीत घर दिसलं तर ती चौकट बाजूला काढा.

*तपासा:* औषधाची वही वेगळी हवी. तारीख, पेटी क्रमांक, औषधाचं नाव, मात्रा, काढल्याची तारीख. काहीच दिलं नसेल तर 'काही दिलं नाही' हेही सहीसकट लिहा. कोरं पान पाहून तपासणी अधिकारी नोंद राहिली असंच धरतो.

टप्पा ५: मध काढणे

चौकटीतली किमान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झालेली असतील तेव्हाच चौकट उचला. उघड्या घरातला मध पातळ असतो आणि चार ओल्या चौकटी एक ड्रम बिघडवतात. पाण्याचं २० टक्के प्रमाण ही कायद्याची कड आहे. आपण १९ च्या आत राहायचं, कारण २० च्या जवळचा मध प्रवासात आंबू शकतो.

मधातलं पाणी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरबद्दल एक गोष्ट सोलापूरच्या उन्हाळ्यात नक्की कळून घ्या. त्याचा आकडा २० अंश सेल्सिअसला धरलेला असतो. आपोआप तापमान सुधारणारं उपकरण नसेल, तर दर अंशाला पाणी सुमारे ०.०९ टक्क्याने जास्त दिसतं. ३५ अंशांना २०.२ टक्के दिसणारा मध खरं तर १८.९ च्या आसपास असतो. सुधारणा न करता चांगला माल परत पाठवणारेही आहेत, आणि सुधारणा करणाऱ्या उपकरणावर पुन्हा वजाबाकी करून ओला माल घेणारेही आहेत. उपकरणाची पुस्तिका वाचा आणि दिवसाच्या सुरुवातीला सोबतच्या तेलाने ते जुळवून घ्या.

भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा अन्नासाठीच्या प्लास्टिकची वापरा. पत्र्याचे जोड दिलेले डबे आणि जस्ताचा मुलामा असलेली यंत्रं मधाच्या आम्लाने झिजतात. मधात शिशाची मर्यादा किलोला ०.१० मिलिग्रॅम इतकीच आहे. धुरांड्यात तेलकट गोणपाट किंवा प्लास्टिक जाळू नका. नारळाची सोडणं किंवा कोरडं गवत पुरतं.

टप्पा ६: गाळणी, साठवण, उष्णता

मध आधी जाड आणि मग २०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि तिथेच थांबा. दाबाखाली अतिबारीक गाळून मध काचेसारखा केला तर त्यातले परागकण जातात. उगम ओळखायचा तो परागकणांवरून, आणि परागकण काढलेला मध युरोपात साध्या मधाच्या नावाने विकता येत नाही.

उष्णतेचा हिशेब कडक आहे. एचएमएफ शून्याजवळून ३० मिलिग्रॅमपर्यंत चढायला ३० अंशांवर १०० ते ३०० दिवस लागतात, ४० अंशांवर २० ते ५० दिवस, ५० अंशांवर साडेचार ते नऊ दिवस, ६० अंशांवर एक ते अडीच दिवस आणि ७० अंशांवर अवघे ५ ते १४ तास. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले ड्रम कोणी तापवलेले नसतात, तरी दीड महिन्यात मर्यादेच्या काठावर जाऊन बसतात. जाड भिंतीची खोली, छपराला उष्णतारोधक थर आणि २५ अंशांच्या आतलं तापमान ही सोय मध काढण्याच्या आधी करा.

सूर्यफुलाचा मध लवकर थिजतो. तो सैल करायला ड्रमखाली जाळ लावू नका, पट्टा-हीटर पूर्ण क्षमतेवर सोडू नका. ४० ते ४५ अंशांच्या उबदार खोलीत एक-दोन दिवस ठेवा, आणि वितळल्यावर लगेच थंड होऊ द्या. एकाच ड्रमला तीनदा तापवलं तर डायस्टेज ८ च्या खाली जाण्याची भीती असते.

*इशारा:* ड्रम नवेच घ्या, आतून अन्नासाठीचा लेप असलेले. रसायनांचे धुतलेले जुने ड्रम कितीही स्वच्छ दिसले तरी घेऊ नका.

टप्पा ७: लॉट, नमुना, प्रयोगशाळा

लॉट क्रमांकात साल, मध काढल्याची तारीख आणि मुक्काम यांचा संकेत ठेवा. कोणत्याही ड्रमवर बोट ठेवलं की त्यातले मधपाळ, पेट्या आणि शेतं अर्ध्या तासात कागदावर दाखवता आली पाहिजेत. उलटही जमलं पाहिजे: एखाद्या मधपाळाचा मध कोणकोणत्या ड्रममध्ये गेला?

मधपाळाकडून आलेला मध मोठ्या टाकीत मिसळण्याआधी तपासा. ही एक शिस्त पाळली तर बाकीच्या बऱ्याच चुका सावरता येतात. एका मधपाळाचे दोन ड्रम प्रतिजैविकासाठी नापास झाले तर दोनच ड्रम बाजूला जातात. मिसळल्यावर तोच दोष पूर्ण टाकीचा होतो, आणि प्रतिजैविक पातळ करून मुरवण्याचा प्रयत्न म्हणजे जाणूनबुजून केलेली फसवणूक.

नमुना असा घ्या: ड्रम नीट ढवळा, नळीने वर, मध्ये आणि तळाशी असा मध घ्या, एकत्र करून काचेच्या बाटल्यांत तीन भाग करा, तिन्हींवर सील आणि सह्या घ्या. एक भाग प्रयोगशाळेला, एक स्वतःकडे, एक मधपाळाकडे. स्वतःचा भाग थंड आणि अंधाऱ्या जागी खेपेचा निकाल पूर्ण लागेपर्यंत ठेवा.

चाचण्या स्वस्ताकडून महागाकडे करा. आधी पाणी, मग एचएमएफ आणि डायस्टेज. यात नापास झालेल्या मालावर पुढचे पैसे घालू नका. नंतर प्रतिजैविकं, कीटकनाशकं, शिसं. शेवटी सी-४ साखर आणि खरेदीदाराने मागितली असेल तर एनएमआर. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची आणि निर्यात तपासणी परिषदेने स्वीकारलेली हवी. आणंदला राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाची मधासाठीची प्रयोगशाळा आहे.

*तपासा:* अहवालावर 'आढळले नाही' एवढंच वाचू नका. शेजारचा शोधमर्यादेचा, म्हणजे यंत्राला दिसू शकणाऱ्या कमीत कमी प्रमाणाचा, आकडा वाचा. क्लोरॅम्फेनिकॉलची शोधमर्यादा ०.३ असेल तर ०.१५ च्या अटीसाठी तो अहवाल निरुपयोगी आहे. प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या यादीत तीच चाचणी मधासाठी समाविष्ट आहे का, तेही पाहा.

परिषद देशाच्या अंश-देखरेख योजनेखाली स्वतःहूनही नमुने घेते. अधिकारी आले तर त्यांना मागतील तो ड्रम द्या, निवडून ठेवलेला नाही. ही योजना नीट चालते म्हणूनच भारताचं नाव मधाच्या यादीत टिकून आहे.

टप्पा ८: भरणी आणि आरोग्य प्रमाणपत्र

कंटेनर भरण्याआधी आतून पाहा: वास, गंज, छिद्र, आधीच्या मालाचे अवशेष. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकडातली कीड मारल्याची आंतरराष्ट्रीय खूण) शिक्का हवा; त्यासाठी लाकूड सहसा ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवतात. उन्हाळ्यात ट्रक संध्याकाळी भरा आणि रात्री पुणेमार्गे न्हावा शेव्याला काढा. बंदरात कंटेनर उन्हात किती दिवस उभा राहणार, हे शिपिंग एजंटला आधी विचारा.

मधाच्या प्रमाणपत्राचा नमुना युरोपच्या २०२०/२२३५ या नियमात ठरवून दिलेला आहे आणि त्याला 'एचओएन' असा संकेत आहे. ते निर्यात तपासणी संस्थेकडून (परिषदेच्याच अखत्यारीतलं क्षेत्रीय कार्यालय) मिळतं. या कागदावरून माल सीमेवर नाकारला जाण्याची कारणं फार साधी असतात:

प्रमाणपत्रावरची तारीख माल निघून गेल्यानंतरची असते. ते माल अधिकाऱ्यांच्या ताब्यातून बाहेर पडण्याआधीच दिलं गेलं पाहिजे. जहाज सुटल्यावर मिळवलेला कागद चालत नाही.

निव्वळ वजन बीजकात एक, पॅकिंग यादीत दुसरं.

सील क्रमांक बंदरात बदलला आणि प्रमाणपत्रावर जुनाच राहिला.

युनिटचा मान्यता क्रमांक एका अंकाने चुकला, किंवा व्यापाऱ्याचं नाव युनिटच्या रकान्यात गेलं.

प्रमाणपत्राची भाषा चुकली. ज्या देशाच्या बंदरात माल उतरणार त्या देशाची अधिकृत भाषा त्यावर हवी.

*तपासा:* प्रमाणपत्राचा मसुदा, बीजक, पॅकिंग यादी, बिल ऑफ लेडिंगचा मसुदा आणि प्रयोगशाळेचे अहवाल टेबलावर शेजारी मांडा. एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने बोट ठेवून जुळवावं. सही झालेल्या कागदावर खाडाखोड करू नका. चूक सापडली तर प्रमाणपत्र बदलून घ्या. सही झालेली प्रत आयातदाराला लगेच पाठवा.

टप्पा ९: सीमेवर, आणि नापास झालं तर

आयातदाराने माल पोचण्याच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी ट्रेसेस या युरोपीय संघाच्या ऑनलाइन प्रणालीत प्रवेशपत्र भरायचं असतं. हे काम त्याचं असलं तरी विचारपूस आपण करायची, कारण उशीर झाला तर बंदरातला खर्च वसुलीसाठी आपल्याच बिलावर येतो. सीमेवर कागद आणि मालाची ओळख तपासली जाते, आणि काही खेपांचे नमुनेही घेतले जातात.

अंश सापडले तर खेप नष्ट होते किंवा ६० दिवसांच्या आत परत न्यावी लागते. निकाल सर्व सदस्य देशांना कळतो. नियमभंग गंभीर असला तर त्या युनिटच्या पुढच्या खेपांवर कडक तपासणी लागते आणि सलग १० खेपा निर्दोष गेल्याशिवाय ती सहसा उठत नाही.

अशा वेळी पहिल्या दिवशी चार गोष्टी करा. युरोपच्या प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल मागवा, नुसता सारांश नाही. कोणता पदार्थ, किती आणि कोणत्या पद्धतीने सापडला हे त्यात असतं. जपलेला नमुना त्याच पद्धतीने तपासायला पाठवा. लॉट क्रमांकावरून मधपाळ आणि मुक्काम शोधा, आणि त्या मुक्कामाचा बाकीचा माल थांबवा. निर्यात तपासणी संस्थेला स्वतःहून कळवा आणि कारण सापडल्यावर काय बदललं ते तारखेनिशी लिहून द्या. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं असेल तर मुक्कामाच्या वहीत डाळिंबाची बाग शोधा, टेट्रासायक्लिन असेल तर बागेसोबत औषधाची वहीही उघडा, आणि सी-४ साखर असेल तर पाक बंद केल्याची तारीख व जवळच्या गुऱ्हाळाचं अंतर पाहा.